बर्फाची नदी आणि तिच्या काठची माणसे

स्वित्झर्लंडच्या डोंगरी मुलखातील शेतकरी ‘आल्प’ हा शब्द उच्चारतो, तेव्हा त्याच्या मनात बर्फाने झाकलेले शिखर नसते. उन्हाळ्यात गाई चरावयास नेण्याचे उंचावरील कुरण असते. जगाला मात्र आल्प्स म्हटले की आकाशात शिरलेली हिमशिखरेच दिसतात. प्रवासी वर पाहतो. तेथील रहिवासी पायांखालच्या गवताकडे आणि त्या गवताला मिळणाऱ्या पाण्याकडे पाहतो. या मुलखाचे दर्शन घ्यावयाचे तर दोन्ही नजरा बरोबर घेऊन जावे लागते. कारण तेथील सरोवर, धबधबा, कुरण आणि शिखर यांना एकत्र बांधणारी वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे हिमनदी.

बर्न शहराच्या आग्नेयेस पसरलेला ‘बर्नीज ओबरलांड’ हा प्रांत यासाठी उत्तम उदाहरण होय. ओबरलांड म्हणजे वरचा मुलूख. भारतीय प्रेक्षकांना तो अगदीच अपरिचित नाही. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटातील काही प्रसंग याच प्रांतात चित्रित झाले. आणि दिग्दर्शक व निर्माते यश चोप्रा यांचा पुतळा २०१६ साली इंटरलाकेन गावात उभारण्यात आला. परंतु चित्रपटात पर्वत हा केवळ पडदा असतो. प्रत्यक्षात तो अखंड काम करीत असलेला कारखाना आहे, हे तेथे गेल्यावरच उमगते.

प्रवासाचा आरंभ बहुधा इंटरलाकेनपासून होतो. दोन सरोवरांच्या मधले गाव, असाच या नावाचा अर्थ. पूर्वेस ब्रिएंझ सरोवर, पश्चिमेस थून सरोवर, आणि दोहोंना जोडणारी आरे नदी. हिमयुग सरले तेव्हा येथे एकच लांबलचक सरोवर होते. दक्षिणेकडून येणारी लुचिने नदी आणि उत्तरेकडून येणारा लोमबाख ओढा यांनी हजारो वर्षे गाळ आणून टाकला, तेव्हा सरोवराच्या मध्यभागी सपाट जमीन तयार झाली आणि एकाची दोन सरोवरे झाली. ज्या सपाटीवर आज हॉटेले, बागा आणि रेल्वे स्थानके उभी आहेत, ती सारी पर्वताची झिजलेली माती आहे. ब्रिएंझ सरोवराची खोली सुमारे २६० मीटर, तर थूनची सुमारे २१७ मीटर भरते.

ब्रिएंझचे पाणी पाहून नवखा प्रवासी चकित होतो. त्याचा रंग निळाही नव्हे आणि हिरवाही नव्हे. पिरोज्या खड्यासारखा, किंचित दुधाळ असा तो असतो. हिमनदी सरकताना तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात आणि जात्यातून पडावी तशी दगडाची अतिशय बारीक पूड निघते. वितळलेल्या पाण्याबरोबर ती पूड सरोवरात येते, लवकर तळाला बसत नाही आणि सूर्यप्रकाशातील निळ्या-हिरव्या किरणांना विखरून टाकते. बरीचशी पूड ब्रिएंझमध्येच राहते, म्हणून पुढच्या थून सरोवराचे पाणी त्या मानाने नितळ दिसते. सरोवराच्या काठी उभ्या असलेल्या माणसाला दूरची हिमनदी दिसत नसली तरी तिची खूण अशी त्याच्या पायांशी आलेली असते.

या दोन्ही सरोवरांवर आगबोटी चालतात. थून सरोवरावरील ‘ब्ल्युमलिसआल्प’ ही १९०६ सालची आणि ब्रिएंझवरील ‘लोचबेर्ग’ ही १९१४ सालची. दोन्ही बाजूंना फिरती चाके असलेल्या या वाफेच्या नौका तेथील लोकांनी मोठ्या आस्थेने जतन केल्या आहेत. ज्यांना डोंगर चढणे झेपत नाही अशा वृद्धांनाही नौकेत बसून साऱ्या पर्वतराजीचे दर्शन घडते.

इंटरलाकेनहून दक्षिणेस वळले की लाउटरब्रुनेनची दरी लागते. हिमयुगातील हिमनदीने कोरलेली ही दरी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची आहे. नदी डोंगर कापते तेव्हा दरीचा तळ अरुंद राहतो. हिमनदी मात्र तळ आणि बाजू दोन्ही खरवडून काढते, म्हणून तळ रुंद आणि कडे उभे राहतात. आजूबाजूचे लहान ओढे त्या कड्यांवर येऊन एकाएकी अधांतरी होतात आणि धबधबे बनून खाली झेपावतात. त्यांतील श्टाउबाख धबधब्याची उंची सुमारे ३०० मीटर. जर्मन महाकवी गटे याने १७७९ साली तो पाहिला आणि त्याच्या एका प्रसिद्ध कवितेला तेथूनच स्फूर्ती मिळाली. याच दरीतील ट्रुमेलबाख हा प्रकार अधिकच अद्भुत आहे. आयगर, मोंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांवरील बर्फाचे पाणी तेथे डोंगराच्या पोटातून कोसळते. भर उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी त्या अंधाऱ्या घळीतून धावते आणि आसपासचा खडक थरथरत असल्याचा भास होतो.

या दरीतून एक वाट बर्फाच्या माहेरी जाते, आणि ती पायवाट नसून आगगाडीची आहे. झ्युरिचचे उद्योगपती अडॉल्फ गुयेर-झेलर यांना १८९३ साली ही कल्पना सुचली की, आयगर आणि मोंख या पर्वतांच्या पोटातून बोगदा खणून विजेवर चालणारी गाडी थेट हिमनदीपर्यंत न्यावी. १८९६ साली काम सुरू झाले. १८९९ साली गुयेर-झेलर निवर्तले. पैशाची चणचण, अपघात आणि संप यांनी काम रेंगाळले. परंतु अखेर १ ऑगस्ट १९१२ रोजी, म्हणजे स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय दिनी, गाडी युंगफ्राऊयोखला पोहोचली. क्लाइने शायडेगपासूनचा हा मार्ग ९.३ किलोमीटरचा असून त्यांपैकी सातहून अधिक किलोमीटर बोगद्यात आहेत. गाडी घसरू नये म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविलेली आहे. शेवटचे स्थानक समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. युरोपात याहून उंच रेल्वे स्थानक नाही. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच उरतो. म्हणून गाडीतून उतरताच धावपळ न करता सावकाश चालावे. डोके जड झाले तर खालची गाडी पकडावी, हाच त्यावर उपाय.

स्थानकाबाहेरच्या सज्जात उभे राहिले की दक्षिणेस आलेच हिमनदी दिसते. आल्प्समधील ही सर्वांत मोठी हिमनदी; तिची लांबी सुमारे २० किलोमीटर आहे. २००१ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. युंगफ्राऊयोखची ही खिंड म्हणजे एक पाणलोट रेषाही आहे. तिच्या उत्तर उतारावर पडलेला हिमकण वितळून आरे आणि ऱ्हाइन नद्यांच्या वाटेने उत्तर समुद्राला मिळतो. दक्षिण उतारावरचा हिमकण आलेचमधून ऱ्होन नदीत आणि तेथून भूमध्य समुद्रात जातो. चार पावलांच्या अंतरावर पडलेल्या दोन हिमकणांची गती अशी वेगळी होते.

हिमनदी ही नदीच आहे, हे मात्र डोळ्यांना सहजासहजी पटत नाही. उंचावर पडलेला हिवाळ्यातील बर्फ उन्हाळ्यात पुरता वितळत नाही. पुढच्या वर्षाचा थर त्यावर बसतो, त्याच्यावर आणखी एक. भुसभुशीत हिमाचे प्रथम रवाळ कण होतात, वरच्या भाराने त्यांतील हवा निघून जाते आणि काही वर्षांनी निळसर, घट्ट बर्फ तयार होतो. हा थर पुरेसा जाड झाला की आपल्याच वजनाने तो उताराकडे सरकू लागतो. तीन हिमप्रवाह जेथे एकत्र येतात त्या कॉन्कॉर्डिया नावाच्या विस्तीर्ण पटांगणापाशी आलेचच्या बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर आहे, आणि तेथे तो वर्षाला २०० मीटरपर्यंत पुढे सरकतो. दिवसाकाठी अर्ध्या मीटरहून थोडे अधिक. माणसाच्या नजरेला ही गती दिसत नाही. परंतु दगडाला पुढे ढकलण्यास ती पुरेशी असते.

ही गती प्रथम मोजली गेली तीही याच मुलखात. फ्रान्झ योझेफ हुगी या स्विस अभ्यासकाने १८२७ साली उंटरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली. बारा वर्षांनी लुई आगासी हे शास्त्रज्ञ तेथे गेले, तेव्हा ती झोपडी मूळ जागेपासून एक किलोमीटरहून अधिक खाली आलेली आढळली. झोपडी चालली नव्हती. तिच्या खालची जमीनच चालत होती. आगासी यांनी पुढे त्याच हिमनदीवर एका प्रचंड शिळेच्या आडोशाला मुक्काम ठोकून निरीक्षणे केली आणि १८४० साली हिमनद्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपचा मोठा भाग एके काळी बर्फाखाली होता, हा आज सर्वमान्य असलेला विचार त्यातून जगापुढे आला.

शास्त्रज्ञांच्या पाठोपाठ गिर्यारोहक आले. १८११ साली आराउ गावच्या मायर बंधूंनी स्थानिक शिकाऱ्यांच्या साह्याने ४,१५८ मीटर उंचीचे युंगफ्राऊ शिखर गाठले. १८५८ साली चार्ल्स बॅरिंग्टन या आयरिश गृहस्थाने ग्रिंडेलवाल्डच्या क्रिस्टियान आल्मर आणि पेटर बोरेन या वाटाड्यांसह आयगर सर केला. त्याच आयगरच्या उत्तरेकडील भयंकर भिंतीने मात्र अनेक तरुणांचे बळी घेतले आणि ती १९३८ साली चौघा जर्मन-ऑस्ट्रियन गिर्यारोहकांच्या हाती आली. १८६३ साली टॉमस कुक यांनी इंग्लंडहून पहिली सहल स्वित्झर्लंडला आणली आणि तेव्हापासून सामान्य प्रवाशांची रीघ लागली. हिवाळ्यातही लोक येऊ लागले. बर्फावरून घसरत जाण्याच्या ‘स्की’ या खेळात वळणावळणाच्या शर्यतीचे आधुनिक नियम अर्नल्ड लन यांनी १९२२ साली म्यूरेन या गावी प्रथम अमलात आणले. पिढ्यान्‌पिढ्या गाई पाळणाऱ्या घरांतील मुले वाटाडे झाली, हॉटेलवाले झाली, खेळाचे शिक्षक झाली. बर्फ हे त्यांचे दुसरे शेत ठरले.

परंतु याच बर्फाशी या लोकांचे नाते पूर्वी अगदी निराळे होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात हवामान थंड होते आणि हिमनद्या वाढत होत्या. १६०० सालच्या सुमारास ग्रिंडेलवाल्डची हिमनदी इतकी पुढे आली की तिने घरे आणि गोठे गिळले. आलेचच्या काठी बर्फाच्या बांधाने अडलेले म्येर्येलेन नावाचे सरोवर होते. तो बांध फुटला की पुराचा लोंढा खालच्या दरीत उतरे. तेव्हा फीश आणि फीशरताल या गावांतील कॅथलिक लोकांनी १६७८ साली नवस केला: आम्ही सदाचाराने राहू, देवाने हिमनदीची वाढ थांबवावी. पुढे १८६२ सालापासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूक निघू लागली. पंढरीची वारी माहीत असलेल्या वाचकाला पहाटे डोंगरातील प्रार्थनामंदिराकडे निघालेल्या त्या गावकऱ्यांच्या मनाची कल्पना सहज करता येईल.

नवस फळाला आला म्हणावा, तर तो अतिरेकाने आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आलेच हिमनदी तीन किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. ग्रिंडेलवाल्डच्या ज्या हिमनदीचे टोक तेव्हा दरीच्या तळाशी होते आणि जिचा बर्फ कापून शहरांतील हॉटेलांकडे पाठविला जाई, ती आता घळीच्या आत दूर लपली आहे. कॉन्कॉर्डियाजवळची गिर्यारोहकांची धर्मशाळा १८७७ साली बांधली, तेव्हा ती बर्फाच्या पृष्ठभागापासून फारशी उंच नव्हती. बर्फ खचत गेला तसतशा कड्यावर लोखंडी पायऱ्या वाढवाव्या लागल्या. आज तेथे चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. धर्मशाळा जागच्या जागी आहे. खाली गेली ती हिमनदी. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचे सुमारे एक-दशांश बर्फ नाहीसे झाले. झ्युरिच येथील शास्त्रज्ञांनी २०१९ साली केलेल्या गणिताप्रमाणे, पृथ्वीची तापमानवाढ आंतरराष्ट्रीय करारात ठरलेल्या मर्यादेत राहिली तरीही या शतकाच्या अखेरीस आलेचचा निम्मा तरी बर्फ गेलेला असेल. आणि तापमान अनिर्बंध वाढले तर तेथे बर्फाचे काही तुकडेच उरतील.

म्हणून फीशच्या गावकऱ्यांवर विलक्षण प्रसंग आला. जी हिमनदी मागे जावी म्हणून पूर्वजांनी देवाला साकडे घातले, तीच आता राहावी अशी त्यांची इच्छा होती. परंतु नवस तर उलटा होता. २००९ साली त्यांनी नवसाचे शब्द बदलण्याची अनुज्ञा रोमच्या पोपकडे मागितली आणि ती मिळालीही. तेव्हापासून त्या गावची प्रार्थना हिमनदीच्या रक्षणासाठी आहे. साडेतीनशे वर्षांत बर्फ बदलला, आणि त्याबरोबर माणसाचे भयही बदलले.

हे भय केवळ भावनेचे नव्हे. हिमनदी ही उन्हाळ्यातील पाण्याची पेढी आहे. हिवाळ्यात ती ठेव ठेवून घेते आणि पाऊस कमी असतो अशा तापलेल्या महिन्यांत थोडीथोडी परत करते. ऱ्होन नदीकाठची शेते, द्राक्षमळे आणि वीजघरे या ठेवीवर अवलंबून आहेत. सध्या ठेव मोडून खर्च चालला आहे, त्यामुळे काही काळ पाणी वाढलेले दिसते. ठेव संपली की ओघ आटणार हे उघड आहे. दुसरे संकट डोंगराच्या स्थैर्याचे. उंचावरील खडकांच्या भेगांतील कायमचा बर्फ त्यांना सांधून धरतो. तो सैल झाला की कडे ढासळतात. आलेचच्या पश्चिमेकडील ल्योचेन दरीत ब्लाटेन नावाचे गाव होते. २०२५ सालच्या मे महिन्यात त्याच्या वरच्या शिखरावरून दरडी कोसळून बिर्च हिमनदीवर दगडांचा प्रचंड भार साचला. निरीक्षकांनी धोका ओळखून १९ मे रोजी सुमारे ३०० रहिवाशांना गुराढोरांसह हलविले. २८ मे रोजी हिमनदी त्या भारासह कोसळली आणि काही क्षणांत जवळजवळ सारे गाव गाडले गेले. एका माणसाचा प्राण गेला. शेकडो वाचले, ते वेळीच मिळालेल्या सूचनेमुळे आणि ती ऐकण्याच्या शिस्तीमुळे. घरे, चर्च आणि शेते मात्र परत मिळणार नव्हती.

हिमालयाच्या छायेतील देशाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटून तिस्तेला आलेल्या पुराने केवढा अनर्थ केला, हे सर्वश्रुत आहे. आल्प्समध्ये हिमनद्यांची मोजणी शंभराहून अधिक वर्षे नेटाने चालू आहे; कोणता डोंगर किती हलला याची नोंद तेथे ठेवली जाते. ब्लाटेनचे लोक वाचले ते या सवयीमुळे. हिमशिखरांइतकाच हा सराव पाहण्याजोगा आहे.

मग तेथे जाणाऱ्याने काय करावे? प्रथम, घाई सोडावी. एका दिवसात शिखर, सरोवर आणि बाजार आटोपणाऱ्याच्या हाती छायाचित्रांपलीकडे काही उरत नाही. शक्य असेल तेथे पायी चालावे. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांना रंगांची भाषा आहे: पिवळा फलक म्हणजे कोणालाही चालता येईल अशी वाट, पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, जेथे मजबूत बूट आणि स्थिर पाऊल हवे, आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे सरावलेल्या गिर्यारोहकाचीच वाट. या खुणांचा मान राखावा. हिमनदीवर वाटाड्या आणि दोर यांवाचून पाऊल टाकू नये, कारण ताज्या हिमाच्या पातळ थराखाली खोल भेगा दडलेल्या असतात. आकाश सकाळी निरभ्र असले तरी दुपारी ढग आणि वीज येऊ शकते. म्हणून चढण लवकर सुरू करावी आणि गरम कपडा नेहमी जवळ ठेवावा. कुरणातून जाताना फाटक उघडले तर ते पुन्हा लावावे. ज्या गवतावर प्रवासी बसतो ते कोणाच्या तरी गाईचे अन्न आहे.

आणि हिमनदीच्या काठी उभे राहिल्यावर थोडा वेळ गप्प राहावे. बर्फाच्या पोटातून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज येतो, एखादा दगड सुटून खाली घरंगळतो. तेथून सुटलेले पाणी पुढे कोणाचे तरी शेत भिजविते, कोणाच्या तरी घरी दिवा लावते. युंगफ्राऊयोखचा बोगदा खणणाऱ्यांना बर्फापर्यंत पोहोचण्यास सोळा वर्षे लागली. त्यांनी जेथे गाडी नेली तेथे बर्फ असणार, ही गोष्ट त्यांनी गृहीतच धरली होती. आजच्या प्रवाशाला ती गृहीत धरता येत नाही. म्हणूनच आज जो बर्फ पाहावयास मिळतो, तो ठेवीतला शिल्लक भाग आहे हे ध्यानात ठेवून पाहावा, आणि ती ठेव पुढच्या पिढीच्याही नावावर आहे याचा विसर पडू देऊ नये.